निपाणीची तंबाखू, उद्यमबागेचं कास्टिंग आणि देशाचा विकासदर

२०१९ च्या पावसाळ्यात आमच्या मामांच्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतून सुटे भाग (कास्टिंग) करायच्या कारखान्यात, आठवड्यातले तीन दिवस भट्टी पेटत नव्हती. बेळगावच्या उद्यमबागेत तेव्हा बऱ्याच जणांची तीच गत. दुसरी शिफ्ट बंद, ओव्हरटाइम बंद आणि गेटासमोरच्या चहाच्या गाड्यावर भर कामाच्या वेळेला माणसं उभी. मामा वर्षभर आधीपर्यंत निर्धास्त होते. "एका गिऱ्हाइकाच्या जिवावर धंदा करू नये," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. म्हणून त्यांनी तीन मोठ्या कंपन्यांची कामं धरून ठेवली होती. एक आटली तर दोन आहेतच, असा हिशोब.

तिन्ही एकदमच आटल्या. "तिघांचं काम होतं रे आमच्याकडं," मामा सांगत होते, "पण तिघंबी ट्रकवालेच की!"

मागे घडलं होतं ते असं. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारनं ट्रकच्या ॲक्सलवर किती भार चालेल याची मर्यादा २० ते २५ टक्क्यांनी वाढवली. म्हणजे जो माल न्यायला चार ट्रक लागायचे, तो कागदोपत्री सव्वातीन ट्रकांत जायला लागला. मग नवा ट्रक घेतो कोण? सप्टेंबरात आयएल अँड एफएस ही बडी वित्तसंस्था कर्जं फेडेनाशी झाली आणि फायनान्स कंपन्यांकडे पैशाची टंचाई पडली. ट्रकमालकांची बरीचशी खरेदी याच कंपन्यांच्या कर्जावर चालते. त्यात एप्रिल २०२० पासून कमी धूर सोडणारी बीएस-६ इंजिनं सक्तीची होणार म्हणून सगळे थांबले. २०१८-१९ मध्ये देशात सुमारे दहा लाख व्यापारी वाहनं खपली होती. पुढच्या वर्षी सव्वासात लाखसुद्धा नाहीत. दिल्लीत एक अधिसूचना निघते आणि खानापूर रोडवरची भट्टी थंड पडते, ती अशी.

मामांची गिऱ्हाइकं तीन होती, आधार एकच होता. देशाची अर्थव्यवस्था वाढते आहे की नाही यावर टीव्हीवर रोज भांडणं होतात. ती वाढ किती आधारांवर उभी आहे, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. ते समजून घ्यायचं तर आधी विकासदराचा आकडा उघडून बघावा लागेल.

साडी विकत घेतली कोणी?

२०२४-२५ मध्ये भारताचा जीडीपी साडेसहा टक्क्यांनी वाढला, असं आपण वाचतो. हा जीडीपी म्हणजे वर्षभरात देशात जे नव्यानं तयार झालं, त्याची किंमत. वडगावच्या यंत्रमागावरची साडी घ्या. समजा, देशातच तयार झालेलं सूत आणि रेशीम ९०० रुपयांचं. विणकरानं साडी व्यापाऱ्याला १,३०० ला दिली, व्यापाऱ्यानं ती खडेबाजारात १,८०० ला विकली. या तिन्ही व्यवहारांची बेरीज ४,००० होते, पण देशाच्या वहीत ४,००० लिहायचे नसतात. सूतवाल्याचे ९००, विणकरानं घातलेली ४०० ची भर आणि व्यापाऱ्याची ५०० ची, असे १,८०० लिहायचे. ही झाली करणाऱ्याच्या बाजूनं मोजणी.

तेच १,८०० दुसऱ्या बाजूनंही मोजता येतात: साडी घेतली कोणी? घेणारे चारच प्रकारचे असतात. घरातली माणसं; यंत्र, इमारत, ट्रक अशा टिकाऊ गोष्टींत पैसे गुंतवणारे; सरकार, आपल्या रोजच्या कारभारासाठी; आणि परदेशातलं गिऱ्हाईक. परदेशातून आपण जे विकत आणतो ते यातून वजा करायचं. देश वाढला म्हणजे या चारांपैकी कोणीतरी जास्त खर्च केला. कोणी केला, हे बघितलं की वाढीचा स्वभाव कळतो.

भारतात शंभरातले साठेक रुपये घरखर्चाचे असतात. तीसच्या आसपास गुंतवणुकीचे, दहाएक सरकारी कारभाराचे. निर्यात शंभरात वीस-बावीस आहे, पण आयात त्याहून जास्त, त्यामुळे त्या खात्यावर बेरजेऐवजी वजाबाकीच पडते. थोडक्यात, आपला देश घरातल्या माणसांच्या खर्चावर चालतो. गणपतीच्या आधीच्या रविवारी गणपत गल्लीतून चालायचा प्रयत्न केला असेल तर हे वेगळं सांगायची गरज नाही.

यात एक मोठी सोय आहे. जगात मंदी आली तरी १४० कोटी माणसं जेवतात, कपडे घेतात, मोबाइल रिचार्ज करतात. २००८ साली अमेरिकेतल्या बँका कोसळल्या तेव्हा आपण बऱ्यापैकी तरलो, त्यात या सवयीचा वाटा होता. पण घरखर्चाला घरची कमाई लागते, नाहीतर साठवण किंवा कर्ज. २०२२-२३ मध्ये भारतीय कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत, म्हणजे ठेवी, विमा, शेअर वगैरेंतून कर्ज वजा जाता उरलेली, जीडीपीच्या पाच टक्क्यांच्या आसपास उतरली. कित्येक दशकांत ती इतकी खाली गेली नव्हती. याचा एक भाग घरं घेण्याकडे वळला, हे खरं. पण सोनं ठेवून कर्ज देणाऱ्या दुकानांच्या पाट्या टिळकवाडीपासून निपाणीपर्यंत ज्या वेगानं वाढल्या, त्या बघून मला तरी हे सगळं सुखाचं लक्षण वाटत नाही.

मामा दुसरी भट्टी का घेत नाहीत

घरखर्च आज वाढवतो. गुंतवणूक उद्यासाठी वाढवते. आज घेतलेली भट्टी पुढची पंधरा वर्षं कास्टिंग देते. म्हणून अर्थतज्ज्ञ गुंतवणुकीच्या आकड्याकडे डोळे लावून बसलेले असतात.

२००७-०८ च्या सुमारास आपली गुंतवणूक जीडीपीच्या ३५ टक्क्यांच्या आसपास गेली होती. वीज, पोलाद, रस्ते बांधणाऱ्या कंपन्यांनी बँकांकडून भरमसाट कर्जं काढली. मग प्रकल्प रखडले, कर्जं थकली, आणि मार्च २०१८ पर्यंत बँकांच्या थकीत कर्जाचं प्रमाण ११ टक्क्यांच्या वर गेलं. कंपन्यांना नवी गुंतवणूक नको होती आणि बँकांना नवं कर्ज द्यायचं नव्हतं. ते दुखणं निस्तरायला जवळजवळ दहा वर्षं गेली. २०१६ चा दिवाळखोरी कायदा, सरकारी बँकांना दिलेलं भांडवल, बँकांचं विलीनीकरण हे सगळं त्यातच आलं. आता ते प्रमाण अडीच टक्क्यांच्याही खाली उतरलं आहे.

म्हणजे बँकेकडे पैसा आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये सरकारनं कंपन्यांवरचा कर ३० टक्क्यांवरून २२ वर आणला, नव्या कारखान्यांसाठी तर १५ वर. तरी खासगी गुंतवणुकीनं अपेक्षेइतकी उसळी मारली नाही. का?

याचं उत्तर मामांनी मला एका वाक्यात दिलं: "हाय ती भट्टी पूर्ण चालू दे की आधी." रिझर्व्ह बँक दर तिमाहीला कारखान्यांना विचारते की तुमच्या क्षमतेपैकी किती वापरात आहे. उत्तर बरीच वर्षं पाऊणाच्या आसपास घोटाळतं आहे. शंभर टनांची ताकद असून पंचाहत्तर टनच गळत असेल, तर कर कमी झाला म्हणून कोणी दुसरी भट्टी घेत नाही. वाचलेल्या करातून जुनं कर्ज फेडतो.

ही पोकळी सरकारनं भरली. केंद्राचा भांडवली खर्च २०१९-२० मध्ये साडेतीन लाख कोटींच्या आत होता. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात तो ११.२१ लाख कोटी धरला गेला. रस्ते, रेल्वे, संरक्षण. लोंडा-मिरज रेल्वेमार्गाचं दुहेरीकरण हे याच जातीचं काम. कोरोनानंतरच्या वाढीत या खर्चाचा वाटा मोठा आहे, आणि तो चांगला खर्च आहे असं माझं मत आहे. रूळ पन्नास वर्षं राहतात. पण सरकार दरवर्षी खर्च तिप्पट करू शकत नाही. कधीतरी मामांनी भट्टी घ्यावीच लागेल.

चीनचं उलटं

मोठा देश एकाच आधारावर किती लांब जाऊ शकतो आणि पुढे काय होतं, हे चीनमध्ये दिसतं. १९७८ नंतर डेंग शाओपिंगनं दारं उघडली, २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत गेला, आणि २००६ च्या सुमारास त्याची निर्यात जीडीपीच्या एक तृतीयांशाच्या वर पोचली. २००७ मध्ये खुद्द पंतप्रधान वेन जियाबाओ म्हणाले होते की ही वाढ अस्थिर आणि असंतुलित आहे. लगेच २००८ ला जगानं खरेदी थांबवली. चीननं चार लाख कोटी युआनचा खर्च जाहीर केला आणि निर्यातीच्या जागी बांधकाम आणलं. घरं, पूल, स्टेशनं. दहा-बारा वर्षं तेही चाललं. मग २०२१ मध्ये एव्हरग्रँड ही अवाढव्य बांधकाम कंपनी कर्ज फेडू शकली नाही आणि घरबांधणीचा फुगा बसला.

चीनमध्ये शंभरातले चाळीसच रुपये घरखर्चाचे असतात आणि चाळीसहून जास्त गुंतवणुकीचे. लोकांनी खर्च करावा म्हणून तिथलं सरकार वर्षानुवर्षं आर्जवं करतं आहे. आपल्याकडे लोक खर्च करतात, कारखानदार करत नाहीत. तिथे कारखाने आहेत, घेणारे कमी पडतात. दोघांनाही एकच गोष्ट जमवायची आहे, एक पाय थकला तर दुसऱ्यावर भार टाकता यावा.

शंभरातली शेहेचाळीस माणसं

आता करणाऱ्याच्या बाजूनं बघू. भारतात काम करणाऱ्या शंभर माणसांपैकी शेहेचाळीस शेतीत आहेत, पण शंभर रुपयांच्या उत्पादनात शेतीचा वाटा अठराच्या आसपास आहे. भागाकार करून बघा: शेताबाहेरचा माणूस सरासरीनं शेतातल्या माणसाच्या जवळजवळ चौपट उत्पादन करतो. शेतकरी आळशी आहे असा याचा अर्थ नाही. दोन एकरांवर चार जण राबतात, तिथे दोघांचंच काम असतं.

इतर देशांत हे जादाचे दोघं कारखान्यात गेले. आपल्याकडे कारखान्यांचा उत्पादनातला वाटा सोळा-सतरा टक्क्यांभोवतीच फिरतो आहे, आणि शंभरात अकराच माणसं तिथे कामाला आहेत. २०१४ च्या 'मेक इन इंडिया'त हा वाटा २५ टक्क्यांवर न्यायचं ठरलं होतं. ते झालं नाही. आपण शेतातून थेट ऑफिसात उडी मारली. २०२४-२५ मध्ये देशानं सुमारे ४३७ अब्ज डॉलरचा माल निर्यात केला, तर सॉफ्टवेअर, हिशोब, सल्ला अशा सेवा जवळपास ३८७ अब्ज डॉलरच्या. दोन्ही आता जवळजवळ खांद्याला खांदा लावून आहेत.

खानापूर तालुक्यातल्या कुठल्याही गावात जा. ज्या घरातला मुलगा इंजिनिअर होऊन पुण्याला किंवा बंगळूरला गेला, तिथे स्लॅबचं घर दिसतं. बारावी नापास झालेला त्याचा भाऊ मात्र भाताच्या शेतात, नाहीतर गोव्यात हॉटेलच्या कामाला. सेवांची वाढ खरी आहे, पण तिचं दार अरुंद आहे. या भावाला आत घेणारं दार कारखान्याचं असतं.

ते दार कुठून फुटतं? रिकार्डो हाउसमन, सेसार हिदाल्गो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक छान प्रतिमा मांडली. प्रत्येक वस्तू म्हणजे एक झाड आणि उद्योजक म्हणजे माकडं. माकड जवळच्या झाडावरच उडी मारू शकतं. ज्या देशाकडे एकमेकांजवळची झाडं दाट आहेत तो भराभर पुढे जातो. ज्याच्या रानात विरळ झाडं, तो अडकतो. बेळगावला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. इथे लोखंड ओतणारे होते, म्हणून ते घासून-पुसून अचूक करणारे लेथवाले आले. लेथवाले होते म्हणून हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह करणारे आले. आणि ती अचूकता हाताशी होती म्हणून हत्तरगीजवळ विमानाचे भाग करणारं विशेष आर्थिक क्षेत्र उभं राहू शकलं; तिथले भाग एअरबस आणि बोईंगच्या विमानांत जातात. उसाच्या फडाशेजारी विमानाचा सुटा भाग तयार होतो हे बाहेरच्यांना अजब वाटतं. मधली झाडं त्यांनी बघितलेली नसतात.

आणखी एक आधार घरातच होता, फक्त आपण त्यावर कुंपण घातलं होतं. सीमाभागात राहिल्यामुळे ते मला लवकर कळलं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, त्याआधी उद्यमबागेतून कागलच्या एमआयडीसीला कास्टिंग पाठवलं की दोन टक्के केंद्रीय विक्रीकर लागायचा, तोही गिऱ्हाइकानं 'सी फॉर्म' दिला तर. त्यासाठी मामांचे अकाउंटंट महिनोन्‌महिने फोन करत बसायचे. कागलच्या गिऱ्हाइकाला या दोन टक्क्यांची वजावट मिळत नव्हती. कोल्हापूरच्या फाउंड्रीकडून घेतलं तर तिथल्या व्हॅटची, म्हणजे राज्याच्या विक्रीकराची, पूर्ण मिळायची. म्हणजे त्याच दर्जाचं कास्टिंग बेळगावचं असेल तर दोन टक्के महाग. आणि या धंद्यात चार-पाच टक्के सुटले तरी लोक खूश होतात. १९५६ पासून या सीमेनं इथल्या माणसांना जे सोसायला लावलं, तो वेगळा आणि मोठा विषय. व्यापाऱ्याच्या वहीत मात्र ती दोन टक्क्यांची रेघ होती, आणि ती पुसली गेली. जीएसटीचा ताप लहान दुकानदारांना किती झाला ते ठाऊक असूनही मी हे त्याच्या जमेला धरतो.

वेगळं दिसतं, वेगळं असतं का?

आता मूळ प्रश्नाकडे. आधार अनेक असले म्हणजे झालं का?

निपाणी हे एकाच आधाराचं सगळ्यात साधं उदाहरण. तंबाखू, वखारी आणि घरोघरी बिड्या वळणाऱ्या बायका, यांवर सगळं गाव. ज्वारीचा भाव पडला तर निदान घरात भाकरी होते; तंबाखूचा भाव पडला तर पोत्यांकडे बघत बसायचं. घेणारे व्यापारी मोजके, त्यामुळे भाव त्यांचा. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी पुणे-बंगळूर हमरस्त्यावर बसले आणि शेवट गोळीबारात झाला. त्यानंतर हळूहळू त्या पट्ट्यात ऊस आला, सोयाबीन आलं.

पण ऊस हे जास्त फसवं उदाहरण आहे. जिल्ह्यातले साखर कारखाने आता नुसती साखर करत नाहीत. चिपाडापासून वीज करतात, मळी आणि रसापासून इथेनॉल. पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण २०१४ च्या सुमाराच्या दीड टक्क्यावरून २० टक्क्यांपर्यंत गेलं, त्यात इथल्या उसाचाही वाटा आहे. तीन वस्तू, तीन गिऱ्हाइकं. मामांसारखंच.

मग २०२३ ला पाऊस कमी पडला. साखर महागेल या भीतीनं सरकारनं आधी निर्यात रोखून धरली आणि डिसेंबरात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली, जी पुढे थोडी सैल केली. ज्यांनी कर्ज काढून डिस्टिलरी उभारली होती, त्यांची दोन्ही दारं एका पावसानं बंद झाली. तिन्ही वस्तूंना ऊस एकच, पाणी कृष्णा-घटप्रभेचंच, आणि उसाची किमान किंमत, साखरेचा किमान विक्रीदर, इथेनॉलचा भाव ठरवणारं सरकारही एकच. २०२५-२६ साठी सव्वादहा टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे ३५५ रुपये रास्त दर ठरला, त्यातून तोडणी-वाहतूक जाते. त्यावरून नोव्हेंबर २०२५ मध्ये जिल्ह्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी बसले. शेतकरी म्हणतो भाव वाढवा, कारखानदार म्हणतो साखरेचा किमान दर २०१९ पासून किलोला ३१ रुपयांवरच आहे. दोघंही खरं बोलत असतात.

तेव्हा आधार मोजायची माझी कसोटी ही: एक बातमी आली तर यातले किती एकदम बसतात?

देशाला हीच कसोटी लावा. आपली माल-निर्यात आणि सेवा-निर्यात ही दोन वेगळी खाती दिसतात. पण मालाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका, आणि सॉफ्टवेअर निर्यातीचा निम्म्याहून जास्त भागही तिथेच जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर आधी २५ आणि मग आणखी २५ टक्के आयातशुल्क लावलं, तेव्हा कोळंबी, कापड, दागिने यांना फटका बसला. सेवांना हात लागला नाही, म्हणून दुसरं खातं वाचलं. ते आपल्या शहाणपणामुळे वाचलं नाही. त्याच सप्टेंबरात सरकारनं जीएसटीचे दर उतरवले. बाहेरचं गिऱ्हाईक रुसल्यावर घरच्याकडे वळायचा हा उपाय. मोठ्या देशाला तो करता येतो, लहान देशाला येत नाही.

मामांनी २०२० नंतर चौथ्या ट्रक कंपनीचं काम आलं तेव्हा नाही म्हटलं. घरात त्यावरून वाद झाला. भाव चांगला होता. त्याऐवजी त्यांनी शेतीपंपांची केसिंग घेतली, ट्रॅक्टरचे भाग घेतले, हायड्रॉलिक व्हॉल्व्हची थोडी कामं. लॉट लहान, नफा कमी, रोज पॅटर्न (साच्याचा नमुना) बदलायचं, वाळूचं मिश्रण बदलायचं, रिजेक्शन सुरुवातीला दुप्पट. ट्रकच्या काळात एक पॅटर्न लावला की महिनाभर बघायला लागायचं नाही. त्यांचा सगळ्यात जुना मोल्डर अजून कुरकुरतो, "मालक, आज परत नवीनच काय काढलासा?" मामा पॅटर्नवरची धूळ पुसतात आणि त्याच्या हातात देतात.